पंधरा दिवस म्हणजे नेमके किती?

सोलापूरच्या टॉवेलच्या कारखान्यात साडेतेरा वर्षे मी इतरांची पगारपत्रके तयार केली. पण माझी स्वतःची नोकरी गेल्यास मला किती रक्कम मिळेल, याचा हिशेब मी एकदाही मांडला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकली आणि महिन्याच्या ३१ तारखेला व्यवस्थापकांनी आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावून, परदेशी मागणी घटल्यामुळे आजपासून कामावरून कमी करत असल्याचे सांगितले. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत अशी बातमी नवी नाही. माझे आजोबा ज्या जुन्या गिरणीत होते ती १८७७ साली उभी राहिलेली गिरणीही अखेर बंदच पडली, आणि ‘गिरणी बंद पडली तेव्हा’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो. तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा हात थंड पडले, हे कबूल केले पाहिजे.

टेबलावर दोन कागद होते. पहिल्यावर २,६०,००० रुपयांचा ‘फुल अँड फायनल’, म्हणजे नोकरी संपताना द्यायच्या सगळ्या रकमांचा, हिशेब होता; दुसऱ्यावर माझ्या नावाने आधीच टाइप केलेला राजीनामा. “अहो, राजीनामा दिलेला असला की पुढच्या नोकरीला बरं पडतं,” असे व्यवस्थापक आपुलकीने म्हणाले. मी म्हणालो, “साहेब, कागद घरी नेतो, उद्या सांगतो.” संपूर्ण प्रकरणात मी शहाणपणाने केलेली गोष्ट कोणती असेल तर हीच. स्वेच्छेने राजीनामा दिलेल्या माणसाला कामगार कपातीची भरपाई मागता येत नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणारी रक्कम, तेवढी दोन्ही प्रकारांत मिळते, आणि त्यामुळेच पुष्कळ जण राजीनाम्याने काही बिघडत नाही असे समजून सही करून मोकळे होतात.

रात्री जेवणानंतर पाटावर कागद पसरले. माझे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये, आणि घरभाडे व इतर भत्ते धरून एकूण पगार २४,००० रुपये. सेवा १ जुलै २०११ पासूनची, म्हणजे १३ वर्षे ७ महिने. कारखान्याने १३ वर्षे धरली होती. परंतु तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात आणि कपातीच्या भरपाईसाठीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जाई. म्हणजे १४ वर्षे.

खरी मेख पुढे होती. दोन्ही कायद्यांत दर वर्षामागे ‘पंधरा दिवसांचे वेतन’ असेच शब्द होते, पण हे पंधरा दिवस सारखे नव्हते. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचे असे, म्हणून माझे वर्षाला ९,००० रुपये. कपातीच्या भरपाईत मात्र शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांच्या सरासरी वेतनाचा निम्मा भाग धरत. २६ चा भागाकार तिथे लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले होते. पण त्या वेतनात भत्तेही येत, त्यामुळे माझे वर्षाला १२,००० रुपये होत होते. कारखान्याने १५,६०० चे निम्मे, म्हणजे ७,८०० रुपयेच धरले होते.

एवंच, ग्रॅच्युइटी १,२६,००० रुपये, कपातीची भरपाई १,६८,००० रुपये, महिन्याची नोटीस न दिल्याबद्दल २४,००० रुपये आणि शिल्लक रजेचे १७,६०० रुपये, असे ३,३५,६०० रुपये झाले. फरक ७५,६०० रुपयांचा. इतकी वर्षे ज्याने आकडेमोड केली त्याच्याच कागदात एवढी चूक निघावी, याचे हसू आले आणि रागही आला.

मी राजीनामा नाकारणारे आणि हिशेब मांडणारे दोन पानी पत्र दिले व पोच घेतली. वर्षांची चूक त्यांनी लगेच मान्य केली. भत्त्यांवरून मात्र दोन महिने गेले. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करणार असल्याचे लेखी कळवल्यानंतर एप्रिलमध्ये पूर्ण रक्कम खात्यात आली.

रक्कम येताच सल्ले आले. मामांनी सुचवले की ओळखीतले दोन जुने माग स्वस्तात मिळत आहेत, ते घ्यावेत. सोलापुरात नोकरी गेलेल्या माणसाला हा मोह पडतोच. पण सुताचा भाव आणि विजेचे बिल मी कारखान्याच्या वह्यांत रोज पाहत होतो, म्हणून नम्रपणे नकार दिला. त्याऐवजी पतसंस्थेचे ४६,००० रुपयांचे कर्ज एकरकमी फेडले, त्यामुळे ३,५०० रुपयांचा हप्ता थांबला आणि १९,५०० रुपयांचा घरखर्च १६,००० वर आला. उरलेले २,८९,६०० रुपये म्हणजे अठरा महिने. रकमेकडे महिने म्हणून पाहू लागल्यावर भीती कमी झाली. तीन महिन्यांचे ४८,००० रुपये बचत खात्यात ठेवले आणि तेवढ्याच रकमेच्या पाच मुदत ठेवी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या केल्या, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी पिकते आणि मुदतीआधी मोडावी लागत नाही. उरलेल्या १,६०० रुपयांतून थोरलीच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली. पीएफला हात लावला नाही. कारखान्याचा गट आरोग्य विमा संपला होता, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळवून घेतली.

हे आकडे जसेच्या तसे कोणी वापरू नयेत, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रम संहिता, म्हणजे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या असून त्यांत वेतनाची व्याख्याच बदलली आहे. शिवाय कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम कौशल्य निधीत भरण्याची तरतूद आली आहे, जी माझ्या वेळी नव्हती.

ऑगस्टमध्ये एका सूत व्यापाऱ्याकडे १५,००० रुपयांवर हिशेबाचे काम मिळाले. पगार कमी आहे, पण महिन्याला हजारच रुपये कमी पडतात, आणि पाचपैकी चार ठेवींच्या पावत्या अजून कपाटातच आहेत.