गोणपाटाचा पडदा

ठाणे पूर्वेच्या कोपरी कॉलनीत माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. तेथे पणतवाला लसीसाठी घेऊन येणाऱ्या एका सिंधी आजींचे बालपण उल्हासनगरच्या कॅम्पात गेले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या बराकींमध्ये फाळणीनंतर निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजींना मात्र आठवतो तो एकाच बराकीत दोन बिऱ्हाडांमध्ये टांगलेला गोणपाटाचा पडदा. पलीकडच्या मुलाला गोवर निघाला आणि दोन आठवड्यांत अलीकडची मुलेही तापाने फणफणली. आजींचा दोन वर्षांचा भाऊ त्यातून उठला नाही.

त्याच्या अंगावर जखम नव्हती, आणि मला लिहायचे आहे ते अशाच मुलांबद्दल. छावण्यांमध्ये मुले दगावतात ती बहुतांशी गोवर, जुलाब, न्यूमोनिया आणि या सर्वांना वाट करून देणारे कुपोषण यांमुळे. अर्धपोटी मुलाला गोवर जड जातो, आणि गोवर शरीरातील अ जीवनसत्त्वाचा उरलासुरला साठाही संपवतो. म्हणूनच आपल्याकडे नवव्या महिन्यानंतर दिली जाणारी गोवराची लस छावणीत सहाव्या महिन्यापासूनच टोचतात. जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाड्यांत दंडघेर मोजण्यासाठी जी रंगीत पट्टी वापरतात, तशीच पट्टी सुदानमधल्या छावण्यांतही वापरली जाते: सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टी लाल दाखवते, म्हणजे कुपोषण तीव्र आहे.

उपाय महागडे नसतात, हे १९७१ मध्ये आपल्याच सीमेवर दिसले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावात शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते आयांच्या व नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे ४ टक्क्यांच्या खाली आले. (आज औषधाच्या दुकानात सहज मिळणारी अशाच मिश्रणाची, ओआरएसची पुडी घेताना बनगाव कोणाला आठवत नाही, आणि आठवावे अशी अपेक्षाही नाही.)

उलट, लसीकरणाची घडी एकदा विस्कटली की काय होते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये गाझात दिसले. युद्ध सुरू झाल्यामुळे लस चुकलेल्या दहा महिन्यांच्या बाळाचा पाय पोलिओने लुळा पडला. तेथील पंचवीस वर्षांतला तो पहिला रुग्ण. पुढच्याच महिन्यात ठरावीक तास लढाई थांबवून लाखो मुलांना डोस पाजण्यात आले. लशीसाठी तोफा थांबू शकतात, तर एरवी का थांबत नाहीत, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा असला तरी मला छळतो.

मनावरच्या आघाताचे मोजमाप करणारी पट्टी नाही. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय सात-आठ वर्षांच्या मुलाला पुन्हा लागते, बोलते मूल मुके होते, आणि काही खुणा जन्मभर राहतात. पंच्याऐंशीच्या या आजी कोपरीतून माझ्या दवाखान्यापर्यंतच्या पाच मिनिटांच्या वाटेवरही पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या ठेवतात. पणतवाला गोवराची सुई टोचली, तेव्हा त्या रडणाऱ्या बाळाकडे न पाहता भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी मला विचारले, ही लस तेव्हा नव्हतीच का. नव्हती, असे मी सांगितले. ती १९६३ मध्ये आली.