सेतीफचा केमिस्ट आणि बिनजमिनीचं सरकार

रात्री दहाला दुकानाचं शटर ओढलं की घरी जाऊन जेवण करून मी अर्धा तास काहीतरी वाचतो, आणि गेले दोन महिने त्या अर्ध्या तासात एकच माणूस आहे, फरहात अब्बास. अल्जेरियाचा. सुरुवात झाली ती अगदी साध्या कारणाने, तो केमिस्ट होता. सेतीफ नावाच्या गावात त्याचं मेडिकल होतं, लोक औषधाची चिठ्ठी घेऊन यायचे आणि तो काउंटरच्या मागे उभा असायचा, जसा मी गेली अठरा वर्षं उभा आहे. आणि हाच माणूस 19 सप्टेंबर 1958 ला कैरोमध्ये एका सरकारचा अध्यक्ष झाला, ज्या सरकारकडे स्वतःची म्हणावी अशी एक गुंठाही जमीन नव्हती.

हे सरकार म्हणजे अल्जेरियाचं हंगामी सरकार. आपल्याकडे आझाद हिंद सरकार सगळ्यांना माहीत असतं, 21 ऑक्टोबर 1943, सिंगापूर, शाळेत पाठ केलेलं असतं, पण अल्जेरियाचं कोणी सांगत नाही. मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

आधी थोडं मागे जातो. फ्रान्सने अल्जेरिया घेतला 1830 मध्ये, आणि नंतर त्याला वसाहत म्हणायचंसुद्धा सोडून दिलं, म्हणाले हा फ्रान्सचाच भाग, जसे फ्रान्सचे जिल्हे तसेच हे जिल्हे. म्हणजे कागदावर फ्रान्स, पण दहा लाखांच्या आसपास युरोपियन लोकांच्या हातात सगळं, आणि नव्वद लाखांच्या आसपास मुसलमान नुसते प्रजाजन. तरुण अब्बासला मात्र या फ्रान्सवर खरंच विश्वास होता. 1936 मध्ये त्याने एक लेख लिहिला, त्यात म्हणाला की मी अल्जेरियन राष्ट्र शोधलं, इतिहासाला विचारलं, जिवंत माणसांना विचारलं, मेलेल्यांना विचारलं, कबरस्तानात जाऊन आलो, कुणीच मला त्याबद्दल काही सांगितलं नाही. हे वाक्य त्याच्या विरोधकांनी आयुष्यभर त्याच्या तोंडावर फेकलं. आणि मला वाटतं तो जे म्हणत होता ते प्रामाणिकपणे म्हणत होता, आम्हाला फ्रेंच म्हणता ना, मग बरोबरीचे हक्क द्या एवढंच त्याचं मागणं होतं. तेव्हा वीस-पंचवीस हजार मुसलमानांना नागरिकत्व द्यायचा एक प्रस्ताव आला होता, फक्त वीस-पंचवीस हजार, तोसुद्धा तिथल्या गोऱ्यांनी होऊ दिला नाही.

मग 1943 ला त्याने जाहीरनामा काढला, सूर बदललेला. 8 मे 1945 ला युरोपातलं महायुद्ध संपलं, त्या दिवशी सेतीफमध्ये मिरवणूक निघाली, अल्जेरियाचा झेंडा दिसला, गोळीबार झाला, चिडलेल्या लोकांनी शंभराच्या आसपास युरोपियन मारले आणि त्याच्या बदल्यात फ्रेंच सैन्याने आणि तिथल्या गोऱ्यांनी हजारोंनी माणसं मारली. त्याच दिवशी अब्बास कुठे होता? अल्जियर्सला, गव्हर्नर जनरलच्या ऑफिसात, विजयाबद्दल अभिनंदन करायला गेलेला. तिथेच त्याला अटक झाली. मी हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं त्या रात्री.

1 नोव्हेंबर 1954 ला एफएलएनने, म्हणजे अल्जेरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, सशस्त्र लढा सुरू केला तेव्हाही अब्बास त्यात नव्हता, तो कायद्याच्या, सभेच्या, निवडणुकीच्या मार्गावरचा माणूस. ऑगस्ट 1955 मध्ये एफएलएनच्या लोकांनी त्याच्या सख्ख्या पुतण्यालाच मारलं, अल्लावा अब्बास, तोही फार्मासिस्टच, गुन्हा काय तर मवाळ बोलला. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 1956 ला कैरोमध्ये अब्बासने जाहीर केलं की मी एफएलएनमध्ये आलो. पुतण्याला मारणाऱ्यांच्या संघटनेत! हे मला अजून पचत नाही आणि तरी समजतं. तो घाबरून गेला असं म्हणणारे आहेत, पण मला तसं वाटत नाही, वीस वर्षं एकेक दरवाजा ठोठावून बघितलेल्या माणसाला शेवटचा दरवाजा कुठला ते कळलं होतं एवढंच.

आता सरकारकडे येतो. 1958 च्या मे महिन्यात अल्जियर्समधल्या गोऱ्यांनी आणि सैन्याने उठाव केला, पॅरिसचं सरकार कोसळलं आणि महायुद्धात गाजलेला फ्रेंच जनरल दगॉल सत्तेवर आला. 28 सप्टेंबरला नव्या राज्यघटनेवर मतदान होतं आणि ते अल्जेरियातही घ्यायचं ठरलं, म्हणजे जगाला दाखवता येईल की बघा, हे लोक फ्रान्समध्येच खूश आहेत. त्याच्या नऊ दिवस आधी एफएलएनने सरकार जाहीर करून टाकलं. टायमिंग बघा. तोपर्यंत फ्रान्स म्हणायचा हा आमचा घरगुती मामला आहे, पोलीस कारवाई आहे, बोलायचं तर कुणाशी बोलायचं? आता समोर एक सरकार उभं, मंत्री आहेत, परराष्ट्र खातं आहे, अर्थ खातं आहे, मान्यता द्या किंवा देऊ नका पण नाव घ्यावंच लागेल.

मंत्रिमंडळाची यादी मी वहीत उतरवून काढली. उपाध्यक्ष क्रिम बेलकासेम, डोंगरातला जुना लढवय्या, त्याच्याकडे सैन्य. दुसरा उपाध्यक्ष बेन बेला, तो फ्रान्सच्या तुरुंगात! आइत अहमद, बुदियाफ, खिदर, बितात हे चार मंत्री, तेही तुरुंगात. ऑक्टोबर 1956 मध्ये मोरोक्कोहून ट्युनिसला जाणारं विमान फ्रेंचांनी मध्येच वळवून अल्जियर्सला उतरवलं होतं, वैमानिक फ्रेंच, आतल्या लोकांना वाटलं आपण ट्युनिसला पोचलो. त्या विमानात बितात सोडून हे बाकीचे चौघे होते. म्हणजे पाच मंत्री कोठडीत आणि तरी त्यांची खुर्ची राखलेली. आणि आमच्या धंद्यातले म्हणाल तर अध्यक्ष केमिस्ट, परराष्ट्र मंत्री लामीन देबागीन डॉक्टर, अर्थमंत्री अहमद फ्रान्सिस डॉक्टर, समाजकल्याणला बेन्युसेफ बेनखेद्दा, तोही केमिस्ट आणि पुढे अब्बासनंतर हाच अध्यक्ष झाला. घानाची राजधानी अक्रा, तिथे या सरकारचा राजदूत म्हणून गेला फ्रान्झ फॅनन, मनोविकारतज्ज्ञ. शिकलेल्या अल्जेरियन मुलाला सरकारी खात्यात वर चढायला वावच नव्हता, मग जो धंदा स्वतःच्या जिवावर करता येतो तो धरायचा, वकिली, डॉक्टरकी, मेडिकल, माझा तरी असा अंदाज आहे. आणि गावात सगळ्यात जास्त माणसं भेटतात ती मेडिकलवाल्यालाच, कुणाच्या घरात काय दुखतंय हे त्याला पहिलं कळतं.

आमचं गाव कुंडलपासून फार लांब नाही. आजोबा पत्री सरकारच्या गोष्टी सांगायचे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या, तुफान सेनेच्या, गावातच कोर्ट बसायचं, निवाडा व्हायचा आणि इंग्रजाच्या कचेरीकडे कोणी फिरकायचं नाही. आजोबांचं म्हणणं असायचं, लोक ज्याचं ऐकतात ते सरकार. आमचं सरकार उसाच्या फडात होतं, माणसांच्या मध्ये. अब्बासचं सरकार मात्र दुसऱ्याच्या देशात, आधी कैरो मग ट्युनिस, आणि मधे वीज सोडलेलं तारेचं कुंपण. हे कुंपण मोरीस लाइन म्हणून ओळखलं जातं, 1957 मध्ये फ्रेंचांनी ट्युनिशियाच्या सीमेवर उभं केलं, 5000 व्होल्टची तार, सुरुंग, रडार. पलीकडून बंदूक येणार नाही, माणूस येणार नाही. सीमेवरच्या साकिएत सिदी युसुफ या ट्युनिशियाच्या गावावर तर फेब्रुवारी 1958 मध्ये बाजाराच्या दिवशी बॉम्ब टाकले, सत्तरच्या आसपास लोक मेले, त्यात शाळेतली पोरं.

मग हे सरकार सरकार कशाच्या जोरावर? एक म्हणजे पैसा, आणि तो पैसा कुणा राजाने दिलेला नव्हता (अरब देश देत होते पण ते पुरेसं नव्हतं), तो मुख्यतः फ्रान्समध्येच मोटारीच्या कारखान्यात, खाणीत, बांधकामावर राबणाऱ्या अल्जेरियन मजुरांनी दर महिन्याला पगारातून काढून दिलेला. ज्या देशाशी लढाई त्याच देशात कमवायचं आणि त्यातूनच लढाई चालवायची. तो पैसा सुटकेसमध्ये भरून सीमेपार न्यायचं काम काही फ्रेंच माणसांनी केलं, स्वतःच्या देशात देशद्रोही ठरून. सगळे राजीखुशीने देत होते असं मी म्हणणार नाही, जबरदस्तीही होती, मेसाली हाजच्या प्रतिस्पर्धी संघटनेच्या माणसांना एफएलएनने पॅरिसच्या रस्त्यात मारलंय, हे लपवून ठेवलं तर मी त्या मजुरांचाच अपमान करतोय असं मला वाटतं. पण 17 ऑक्टोबर 1961 ला संचारबंदीच्या विरोधात हेच मजूर बायकापोरांना घेऊन, हातात काही न घेता पॅरिसच्या रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी त्यांना मारून सीन नदीत फेकलं, किती मेले यावर अजून वाद चालूय. हे लोक नुसत्या भीतीने उतरले नव्हते.

दुसरं म्हणजे जगभर जाऊन दरवाजे वाजवणं. आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या बांडुंग परिषदेला 1955 मध्येच यांची दोन माणसं पोचली होती, आइत अहमद आणि महंमद याझिद. त्याच वर्षी यूएनमध्ये अल्जेरियाचा विषय घ्यायचा की नाही यावर मतदान झालं, 28 विरुद्ध 27, एका मताने विषय घेतला आणि फ्रान्सचे प्रतिनिधी उठून निघून गेले! हंगामी सरकार आल्यावर तीन दिवसांत चीनने मान्यता दिली, अरब देशांनी दिली, रशियाला मात्र दगॉलला दुखवायचं नव्हतं म्हणून तो बरीच वर्षं घुटमळला. जून 1960 मध्ये या सरकारने जिनिव्हा करारावर रीतसर सहमती कळवली, म्हणजे युद्धकैद्यांना कसं वागवायचं वगैरे, जमीन नाही तुरुंग नाही पण आम्ही नियम पाळणारं राज्य आहोत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आणि त्यांची एक फुटबॉल टीमसुद्धा होती, एप्रिल 1958 मध्ये फ्रान्समधल्या क्लबांचे अल्जेरियन खेळाडू गुपचूप निघून ट्युनिसला आले, रशीद मेखलुफी त्यातला, दोन महिन्यांवर फ्रान्सकडून वर्ल्ड कप खेळायची संधी असताना. सरकार जाहीर व्हायच्या पाच महिने आधी देशाची टीम मैदानात होती.

भारताचं काय, तर आपण सहानुभूती भरपूर दाखवली पण मान्यता द्यायला फार उशीर केला. फ्रान्सने पाँडिचेरी भारताला द्यायचा करार 1956 मध्ये सही होऊन पडला होता, फ्रान्सच्या संसदेने तो मंजूर केला जुलै 1962 मध्ये, अल्जेरिया सुटल्यावर. नेहरूंच्या मनात हा हिशोब असणार हे समजतं, पण मला खटकतंच.

फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी या सरकारची फ्रान्सशी झालेली वाटाघाट तर मी तीनदा वाचली. मे 1961, तळ्याच्या या बाजूला फ्रान्स आणि त्या बाजूला स्वित्झर्लंड. अल्जेरियन मंडळींनी ठरवलं की फ्रान्सच्या जमिनीवर रात्र काढायची नाही, मग मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये आणि रोज सकाळी स्विस हेलिकॉप्टरने तळं ओलांडून चर्चेला यायचं, संध्याकाळी परत. फ्रान्स सहारा सोडायला तयार नव्हता, 1956 मध्ये हासी मसूदला तेल लागलेलं, रेगानला 1960 मध्ये अणुचाचणी केलेली, म्हणाले उत्तरेचा पट्टा घ्या, वाळवंट वेगळं. सहारा सोडून स्वातंत्र्य घेतलं असतं तर लढाई वर्षभर आधी संपली असती कदाचित, आणि त्या एका वर्षात किती माणसं मेली. तरी ते हलले नाहीत. सप्टेंबरमध्ये दगॉलनेच सहाराचा हट्ट सोडला. 18 मार्च 1962 ला क्रिम बेलकासेमने करारावर सही केली, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बंदुका थांबल्या.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. 3 जुलै 1962 ला बेनखेद्दा आणि त्याचे मंत्री अल्जियर्समध्ये उतरले, रस्त्यावर मुंगीला जागा नाही एवढी गर्दी, लोक तीन तीन दिवस नाचत होते. चार वर्षं बिनजमिनीचं चाललेलं सरकार जमिनीवर पाय ठेवल्यावर दोन महिनेसुद्धा टिकलं नाही. कारण कुंपणाच्या बाहेर, ट्युनिशिया मोरोक्कोत, एक सैन्य वाढत बसलं होतं, हुआरी बूमेदियेनचं, त्याला आतल्या टोळ्यांसारखा मार बसला नव्हता, हत्यारं नवीन, शिस्त कडक. तुरुंगातून सुटलेला बेन बेला त्या सैन्याच्या बाजूला गेला. आपल्याच माणसांत गोळीबार सुरू झाला तेव्हा लोक मध्ये येऊन ओरडायला लागले, सात वर्षं झाली, बास आता! सप्टेंबरमध्ये बूमेदियेनचं सैन्य राजधानीत शिरलं आणि सत्ता बेन बेलाच्या हातात आली.

अब्बासला ऑगस्ट 1961 मध्येच अध्यक्षपदावरून काढलं होतं, त्या रागाने म्हणा किंवा आणखी कशाने, तोही बेन बेलाच्या बाजूला उभा राहिला. ही त्याची चूक होती असं माझं मत आहे. त्याला घटना समितीचं अध्यक्ष केलं, आणि मग 1963 मध्ये देशाची घटना कुठे मांडली तर अल्जियर्समधल्या एका सिनेमा थिएटरमध्ये, पक्षाच्या लोकांसमोर, समितीला बाजूला ठेवून. अब्बासने राजीनामा दिला. पक्षातून काढलं, पुढच्या वर्षी अटक करून सहारात पाठवलं, ज्या सहारासाठी एक वर्ष जास्त लढले तिथे. क्रिम बेलकासेम 1970 मध्ये फ्रँकफर्टच्या हॉटेलात गळा दाबून मारलेला सापडला. खिदरला 1967 मध्ये माद्रिदला गोळ्या घातल्या.

1976 मध्ये अब्बास आणि बेनखेद्दा, दोघेही म्हातारे झालेले केमिस्ट, दोन माजी अध्यक्ष, त्यांनी आणखी दोघांना घेऊन, बेन बेलाला हटवून सत्तेवर बसलेल्या बूमेदियेनच्या एकाधिकारशाहीविरुद्ध पत्रक काढलं. चौघांना घरात नजरकैद. बेनखेद्दाने स्वातंत्र्यानंतर पुन्हा मेडिकल उघडलं होतं, ते सरकारने ताब्यात घेतलं. देशाचं सरकार सांभाळून झाल्यावर हा माणूस परत काउंटरच्या मागे जाऊन उभा राहिला होता, आणि तोच काउंटर त्याच्याकडून काढून घेतला, याच्यावर मी दुकानात बसून बऱ्याचदा विचार करतो, समोर गिऱ्हाईक असलं तरी.

अब्बास 24 डिसेंबर 1985 ला गेला. अल्जियर्सच्या एल आलिया कबरस्तानात त्याला पुरलंय, हुतात्म्यांच्या चौकात.