पुढच्या बाकावरची मान

आज चर्चमध्ये मिस्सात (रविवारच्या उपासनेत) श्रद्धेची कबुली म्हणताना ख्रिस्ताबद्दलचे 'मनुष्य झाला' हे शब्द आले तशा सगळ्यांच्या माना लवल्या. मीही लववली, पण डोळे मिटले नाहीत. पुढच्याच बाकावर दादा होता. कॉलरच्या वर पिकलेले बारीक केस, त्याखाली मानेवर आडवी घडी. पपांना होती तशीच, अगदी त्याच जागी. पुढचं सगळं नुसतं ओठांनी म्हटलं.

घरी आल्यापासून तेच सलतंय. 451 साली कॅल्सेडनच्या धर्मसभेने सांगितलं की ख्रिस्त देवपणात पित्याशी एकतत्त्व आहे आणि माणूसपणात आपल्याशी. हे मी मुलांना किती वर्षं शिकवतेय! 'आपल्याशी' म्हणताना त्यात दादा येतो, हे कधी मनातच आलं नाही. त्या संध्याकाळी तो जे बोलला, ते बोलूनही येतो. मला तेव्हा कुणी एका शब्दाने विचारलं नाही. निदान प्रभू तरी माझ्या बाजूचा, एवढंच धरून मी इतके महिने काढले. आता तोही वाटून घ्यायचा?

दुपारी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे कॅथोलिक बिशपांच्या सभेचा, 1965 चा एक दस्तऐवज काढून बसले. देवपुत्राने देहधारणामुळे, म्हणजे माणूस होण्यामुळे, प्रत्येक माणसाशी स्वतःला 'एक प्रकारे' जोडून घेतलं, असं त्यात आहे. त्या 'एक प्रकारे'पाशी मी खूप वेळ अडले. खरं सांगायचं तर पळवाट शोधत होते. तो जोडला गेला म्हणून प्रत्येकाने त्याला होकार दिला असं होत नाही, हे खरं. पण नकार द्यायची मोकळीक आहे ती माणसाला. त्याने स्वतः कुणाला वगळलेलं नाही. आणि लगेच पुढे येतं, तो माणसाच्या हातांनी राबला, माणसाच्या मनाने विचार केला.

मन! ख्रिस्ताला मानवी मन नव्हतं असं अपोलिनारिस नावाचा बिशप म्हणे, तेव्हा चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या दुसऱ्या बिशपने लिहिलं, ख्रिस्ताने जे धारण केलं नाही, ते दुखण्यातून बरं झालं नाही. म्हणजे दुखावणारं मनही त्याने घेतलं. पाप तेवढं घेतलं नाही. माझं दुखणं त्याच्याकडे आहे. धुमसणं मात्र माझं मीच जपून ठेवलंय. हे लिहिताना रडू आलं, पण सकाळसारखं नाही.

मघाशी केस वर बांधताना मानेवरून हात फिरला. घडी मलाही आहे.

पुढच्या रविवारी दादाच्या शेजारी बसणं काही जमायचं नाही. पण बाक बदलणार नाही.