कारखाना सोडू की नको?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आयटी बघतो. ‘बघतो’ म्हणजे सगळंच: स्विच, सर्व्हर, बॅकअप, साहेबांचा प्रिंटर. डिस्पॅचचा बारकोड प्रिंटर रुसला की गेटवर ट्रक अडकतात. मग तक्रारीचं तिकीट वगैरे कोणी टाकत नाही, थेट हाकच मारतात.

आता पुण्याहून सायबर सिक्युरिटीची ऑफर आलीय. काम एकच, लॉग (कॉम्प्युटरवर काय काय घडलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) तपासायचे आणि अलर्ट खरा की खोटा ते ठरवायचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो, लॉग १८० दिवस जपावे लागतात. तेव्हा या कामाला मरण नाही.

पण मला हाताने काम करायची खोड. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... नेटवर्क केबलच्या आठही तारा ओळीत बसवून आरजे-४५ (केबलच्या टोकाचा प्लग) दाबला की टेस्टरचे दिवे एकामागोमाग लागतात. ती मजा डॅशबोर्डवर कुठली? बायको म्हणते, “रात्री दोनला फोन आला की मजा करणारा माणूस शिव्या घालतच उठतो.” (तिकडेही नाइट शिफ्ट आहेच, हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

पगारातली वाढ पुण्याचं घरभाडं गिळणार. तरीही विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदींची रांग दिसली की मी जेवण विसरतो. कोण, कुठून, कोणाच्या नावाने, हे लागल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे सोमवारी होकार कळवतोय. नोटीस पिरियडमध्ये नव्या माणसासमोर बॅकअप एकदा रिस्टोअर करून दाखवायचा, एवढं मात्र नक्की.