पोस्टरवरचे पाच लाख

आत्याच्या अँजिओप्लास्टीसाठी केशरी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात सरकारी योजनेची कागदपत्रं बघणारा माणूस) टेबलाशी दोन तास उभा होतो. भिंतीवर पोस्टर : ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. त्याच्याखालून जुन्या पोस्टरचा फाटका कोपरा डोकावत होता, दीड लाखवाला.

या मोफत उपचारांची नावं बदलत आली : १९९७ मध्ये युतीने 'जीवनदायी' योजना आणली. २०१२ मध्ये आघाडीने तिच्या जागी राजीव गांधींच्या नावाची विमा योजना आणली. २०१७ मध्ये युतीने तिलाच महात्मा फुल्यांचं नाव दिलं. विरोधात असलं की 'विमा कंपन्यांची धन', खुर्चीत बसलं की तोच हप्ता म्हणजे 'ऐतिहासिक निर्णय'! (नाव रंगवणाऱ्या पेंटरचं मात्र बरं चाललं असेल.)

संध्याकाळी मंजुरी आली. स्टेंटचे 'वरचे' पैसे तरीही मागितलेच. पावती? "शिक्का आत्ता नाहीये."