‘फोर स्टिक्स’च्या पाच मात्रा : सहाव्या आठवड्याची नोंद

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बमवर ‘स्टेअरवे टू हेवन’ असल्यामुळे त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे ‘फोर स्टिक्स’ कायम झाकोळलेले राहिले. प्रत्यक्ष कार्यक्रमात तर ते एकदाच, त्याच वर्षी कोपनहेगनला वाजवल्याची नोंद सापडते. बँडचा ड्रमर जॉन बॉनम याच्या जोराचे कौतुक मीही वर्षानुवर्षे केले. त्याच्या मोजणीकडे लक्ष गेले ते मात्र या गाण्यामुळे.

मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह, पाच मात्रांत फिरतो आणि मधला, जरा मोकळा वाटणारा भाग सहा मात्रांत येतो. सरावाचे पहिले दोन आठवडे मी चारच्या सवयीने पाय आपटत राहिलो आणि दर आवर्तनाला सम, म्हणजे पहिली मात्रा, हुकली. मग झपतालाचा आधार घेतला, कारण त्याच्या दहा मात्रांत रिफची दोन आवर्तने बरोबर बसतात. परंतु सहाव्या मात्रेवर ‘खाली’ (टाळीविना सोडलेली हलकी मात्रा) दाखवण्याची जुनी खोड इथे नडते, कारण रिफचे दुसरे आवर्तन पहिल्याइतक्याच वजनाने कोसळते. म्हणून आता मी ‘धी ना, धी धी ना’ एवढेच दोनदा म्हणतो. सहा मात्रांत शिरताना दादरा धरतो आणि तिथे अजूनही चारांपैकी एकदा तरी चुकतो.

गाण्याचे नाव पडले ते बॉनमने प्रत्येक हातात ड्रम वाजवायच्या दोन-दोन स्टिक घेऊन वाजवल्यामुळे. रविवारी प्रॅक्टिस पॅडवर हे करून पाहिले. दोन्ही टोके अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, त्यामुळे ‘टक्’ऐवजी किंचित फाटलेला, रुंद आवाज येतो, शिवाय जोडी एका स्टिकसारखी उसळून परत येत नाही, ती दर वेळी उचलावी लागते. गाणे पावणेपाच मिनिटांचे आहे. माझी करंगळी तिसऱ्या मिनिटाला सोलली.

१९७२ मध्ये बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी हेच गाणे मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केले आणि २०१५ मध्ये ते बँडच्या ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत ‘फोर हँड्स’ या नावाने बाहेर आले. त्यात बॉनम नाही. तबल्यावर त्या पाच मात्रा इतक्या सहज चालतात की मूळ गाण्यातला ताण कुठून येतो, हे दोन्ही लागोपाठ ऐकल्यावरच ध्यानात येते.

पुढचा आठवडा फक्त पाचातून सहात शिरण्याच्या जागेसाठी राखला आहे, तोही करंगळीला पट्टी बांधून, एकेकच स्टिक घेऊन.