लोलक अपडेट ३: ९.८ आणि ९.८० सारखे नाहीत हो

मंडळी, लोलक अजून पंख्याच्या हुकालाच लटकलाय, घरच्यांचे टोमणे चालूच आहेत, पण यावेळी आकडे बरे आलेत. लोलकाच्या लांबी आणि वेळेवरून g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, मीटर/सेकंद² मध्ये) काढतोय, मागच्या वेळी तो ९.५४ आला होता आणि मी दोन दिवस दोऱ्याला शिव्या घालत बसलो, चूक निघाली माझीच. गवंड्याचा पितळी ओळंबा लावलाय आणि लांबी मोजली फक्त त्याच्या वरच्या टोकापर्यंत, ९७.६ सेमी. मोजायची असते गुरुत्वमध्यापर्यंत! मग ओळंबा सुरीच्या पाठीवर आडवा ठेवून पुढेमागे सरकवला, जिथे तोल धरला तिथे पेनाने खूण केली, ती टोकाखाली २.४ सेमी. म्हणजे लांबी १००.० सेमी, योगायोगच.

२० आंदोलनं पाचदा मोजली, वेळ ४०.० ते ४०.४ सेकंद, सरासरी ४०.२. मोबाईलचा कॅल्क्युलेटर म्हणतो g = ९.७७१६४३. अरे बाबा, माझा अंगठाच स्टॉपवॉचवर ०.२ सेकंद इकडेतिकडे होतोय, तर त्या शेवटच्या चार आकड्यांना काय अर्थ? प्रामाणिकपणे लिहायचं तर ९.८ ± ०.१, म्हणजे ९.७ ते ९.९ मध्ये कुठेतरी.

मग १०० आंदोलनं मोजली (झोका अगदी लहान ठेवून, १० अंशांचा झोका दिला तर नुसत्या तेवढ्यानेच वेळ ०.२ टक्के वाढतो). २००.९ सेकंद. अंगठ्याची चूक तेवढीच, पण आता ती पाचपट वेळात वाटली गेली, म्हणून ९.७८ ± ०.०२. गणिताच्या वहीत ९.८ आणि ९.८० एकच, माझ्या वहीत त्या शून्यासाठी आणखी ८० आंदोलनं मोजावी लागतात.

गंमत पुढे आहे. दोन्ही उत्तरं जुळतात का बघायला पायथॉनमध्ये (प्रोग्रॅमिंगची भाषा) सरळ == (दोन आकडे तंतोतंत सारखे आहेत का, हे विचारणारी खूण) टाकलं तर फॉल्स, म्हणजे 'नाही'. बरोबरच आहे म्हणा, ९.७७१६ आणि ९.७८१४ वेगळेच आहेत, पण ± धरले तर दोन्ही एकमेकांच्या पोटात बसतात, मग माझ्यासाठी सारखेच. आणि तसंही ते == ०.१ + ०.२ ला ०.३ मानत नाही, बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या आकड्यांत) ०.१ नेमका मावतच नाही ना. आता फरक काढून चुकीच्या मर्यादेशी ताडून बघतो.

मागे कोणीतरी विचारलेलं, g ची प्रमाण किंमत ९.८०६६५ का नाही आला? तो आकडा १९०१ साली ठरवलेला आहे, मोजलेला नाही, इंच म्हणजे २.५४ सेमी तसाच, त्याला ± नसतोच. पुण्यात अक्षांश आणि उंची धरून सूत्राने ९.७८ च्या आसपासच येतो. पुस्तकातला ९.८१ मात्र माझ्या मर्यादेच्या जरा बाहेर पडतोय, पण छातीठोकपणे वेगळा म्हणण्याइतका नाही.

१६७२ मध्ये जाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसचं लोलकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळच्या कायेनला (दक्षिण अमेरिका) नेलं तर तिथे g कमी असल्याने ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, म्हणजे वेळेत साधारण ०.१७ टक्के, g मध्ये त्याच्या दुप्पट, ०.३५ टक्के! g मधली माझी चूक ०.२ टक्के. म्हणजे तेव्हाच्या माणसाने पकडलेला फरक मला आज जेमतेम दिसला असता, जळफळाट होतो.

महाबळेश्वरला ओळंबा न्यायचा बेत होता, पण तिथल्या उंचीने g जेमतेम ०.००२ च्या घरात कमी होणार, माझ्या ± च्या दहावा हिस्सा. तेव्हा ओळंबा घरीच, महाबळेश्वर फक्त स्ट्रॉबेरीसाठी. पुढच्या आठवड्यात अंगठ्याच्या जागी आयआर सेन्सर (अवरक्त किरणांनी आंदोलन टिपणारा) लावतोय, कोणाकडे जुना पडून असेल तर सांगा.